काटेबाई आणि शून्य पडझड

माझ्या थोरल्या काकूंना सगळा बाजार काटेबाई म्हणायचा. पाठीमागे, अर्थात. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात त्या निरीक्षक होत्या. या कामाला बाई आली म्हणून सुरुवातीला जे दुकानदार गालातल्या गालात हसले, तेच पुढे त्यांची छत्री कोपऱ्यावर दिसली की पारड्याखालचं लोहचुंबक काढायला धावायचे. बुडाशी पोखरून हलकं केलेलं वजन, लिटरच्या मापात आतून बसवलेला खोटा तळ, हे सगळं त्यांना दुरून कळायचं. पिशवीतून स्वतःची पितळी वजनं काढायची, काट्यावर ठेवायची आणि दुकानदाराच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं, एवढंच त्या करायच्या. बोलायची गरज पडत नसे.

माणसांकडेही त्या त्याच नजरेनं बघत. घरी पाहुणा आला की तो दारातून आत येईपर्यंत त्यांनी त्याला तोललेलं असे, आणि बहुतेक पाहुणे कमीच भरत. माझे थोरले काका गेले तेव्हा लोक भेटायला आले. त्यांच्यापुढेसुद्धा काकू म्हणाल्या, "माणूस चांगला होता. पण पाऊण किलोच."

त्यांना मूलबाळ नव्हतं. धाकटे काका गेल्यावर धाकटी काकू त्यांच्याकडे राहायला आली, आणि दोघी जावा दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकमेकींना सहन करू लागल्या. माझं घर दोन गल्ल्या पलीकडे, त्यामुळे डॉक्टर, बँक, औषधं ही कामं माझ्याकडे. थोरल्या काकूंना मी अहो-जाहो करते. धाकटीला अगं-तुगं. यातच दोघी कशा होत्या ते आलं.

धाकटी काकू मऊ आणि भित्री. घरातल्या घरात भिंतीला हात लावत चालायची, इतकी की भिंतीवर तिच्या कमरेच्या उंचीला एक मळकट पट्टा उमटला होता. घराबाहेर पडणं तिनं सोडून दिलं होतं. "पडले बिडले तर?" एवढं म्हणून ती खुर्चीत बसून राहायची. तिचा मुलगा दूरच्या शहरात होता. दर रविवारी तो फोन करून सांगायचा, "आई, तू बसूनच राहा." इतकी सोपी मातृभक्ती मी दुसरीकडे पाहिली नाही.

"पडायला आधी चालावं लागतं," काटेबाई तिला म्हणायच्या. "तुला कसली भीती?"

पडणाऱ्या माणसांबद्दल काटेबाईंना मनापासून तुच्छता होती. शेजारची म्हातारी न्हाणीघरात पडली, तर यांचं म्हणणं, गबाळेपणा. ओळखीचे एक गृहस्थ जिन्यात घसरले, तर तेही गबाळे. "डोळे आहेत, पाय आहेत, मग पडता कशाला?" असं त्या आजाऱ्याला बघायला जाऊन त्याच्याच तोंडावर विचारायच्या.

मग एके दिवशी त्या स्वतः पडल्या, आणि तेही बँकेत, भर दुपारी, रांगेतल्या सगळ्या माणसांच्या देखत. फरशी पुसणं चालू होतं म्हणून कोणीतरी मधोमध पिवळी पाटी ठेवली होती: फरशी ओली आहे, सावकाश चाला. काटेबाई त्या पाटीलाच अडखळल्या. ओल्या फरशीपर्यंत त्या पोचल्याच नाहीत.

मनगटाचं हाड मोडलं. इस्पितळात प्लॅस्टर घालणारा डॉक्टर तरुण होता. "आजी, तोल गेला का?" त्यानं विचारलं.

"तोल पाटीचा गेला," काकू म्हणाल्या. "आणि आजी कोणाची? तुझी का?"

तो हसला. प्लॅस्टर सुकेपर्यंत म्हणून त्यानं त्यांना एका पायावर उभं राहायला सांगितलं. काकूंनी पाय उचलला आणि लगेच टेकवला. "थांब," म्हणून पुन्हा उचलला. पुन्हा टेकला. दुसऱ्या पायावर करून बघितलं, तेच. डॉक्टरनं एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. घरी येताना गल्लीच्या तोंडाशी काकू म्हणाल्या, "माझाच काटा खोटा निघाला गं." त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मी त्यांचा धड हात धरला, तर त्यांनी तो झटकला.

चिठ्ठीवरचा पत्ता वाचनालयाच्या मागच्या सभागृहाचा होता. आरोग्य विभागातर्फे तिथे म्हाताऱ्या माणसांसाठी तोल सांभाळण्याचा वर्ग चालायचा. घेणारी मुलगी फिजिओथेरपिस्ट होती. सगळे तिला नुसतं फिजिओ म्हणायचे. बुटकी, घोगऱ्या आवाजाची, आणि माणसाला गोंजारायची सवय नसलेली. पहिल्या दिवशी तिनं काकूंना हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं. काकू उठल्या.

"हे काय उठणं झालं?" ती म्हणाली. "खुर्चीनं ढकललं तुम्हाला. परत."

बाहेर आल्यावर काकू धुसफुसत होत्या. बालवाडी आहे, खुर्च्या मोडक्या आहेत, एका रेषेत चालायला लावते, मी काय दारू पिऊन आलेय? पण पुढच्या वर्गाला त्या वेळेआधी जाऊन बसल्या, आणि त्याच्या पुढच्या वेळी धाकटीला ओढत घेऊन गेल्या.

त्या वर्गात दहाबारा माणसं होती. त्यात एक जुना बेकरीवाला होता. आयुष्यभर भट्टीसमोर उभं राहून त्याचे गुडघे गेले होते आणि सुनेच्या धाकानं आवाज गेला होता. बाकीचेही थोडेफार असेच. फिजिओ त्यांना टाचेला अंगठा लावून चालवायची, मान वळवत चालवायची, हातात पाण्यानं भरलेला पेला देऊन चालवायची. आणि महिन्याभरानं तिनं सगळ्यांना चक्क जमिनीवर आडवं केलं.

"पडू नका असं सगळेच सांगतात," ती म्हणाली. "तुम्ही पडणारच आहात. मी उठायचं शिकवते. कुशीवर वळा. कोपर. आता गुडघे. खुर्ची ओढा. घाई नाही. कोणी उचलायला येणार नाही असं समजा."

धाकटी काकू जमिनीवर पडून रडायला लागली. उठताच येत नव्हतं. काटेबाई शेजारच्या सतरंजीवरून ओरडल्या, "रडणं नंतर. आधी कूस!" त्यांनाही उठता आलेलं नव्हतं, हे त्यांना सोयीस्करपणे दिसत नव्हतं.

पुढे दोघींना जमलं. भिंतीवरचा मळका पट्टा एका रविवारी धाकटीनं स्वतः साबणानं पुसला. ती खाली उतरू लागली, मग कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे जाऊ लागली, मग बागेत. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसले होते, तर दार उघडून ती आत आली. साडीला माती, कोपर खरचटलेलं, केस विस्कटलेले आणि चेहरा लग्नघरातल्यासारखा.

"मी पडले!" ती म्हणाली. "बागेत, झाडाच्या मुळात पाय अडकून. दोन माणसं धावत आली, मी म्हटलं, हात लावू नका. कूस, कोपर, गुडघे, बाकडं. उठले! माझी मी उठले!"

काटेबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. मग डेटॉल आणायला आत गेल्या, म्हणजे कौतुक केलं. मुलाला मात्र यातलं काही सांगायचं नाही असं तिघींचं ठरलं. त्याला कळलं असतं तर त्यानं आईला पुन्हा खुर्चीत बसवलं असतं, किंवा आपल्या शहरात नेऊन तिथल्या खुर्चीत.

आरोग्य विभागाची आणखी एक सेवा होती, आणि विभागाचा खरा जीव तिच्यात होता. म्हाताऱ्या माणसांना घरी आपोआप फोन यायचा आणि रेकॉर्ड केलेला गोड आवाज विचारायचा: आपण या आठवड्यात पडलात का? नसल्यास एक दाबा. पडला असल्यास दोन दाबा. तिचं खरं नाव लांबलचक होतं, त्यात दक्षता, सुरक्षा वगैरे शब्द होते. लोक तिला एक-दाबा म्हणायचे. ही सेवा लाडकी का, ते सांगायला नको. तिला सभागृह लागत नाही, खुर्च्या लागत नाहीत, घोगऱ्या आवाजाची बाई लागत नाही.

दोन्ही सेवांचं मूल्यमापन करायचं असं वरून ठरलं. त्यासाठी बाहेरच्या संस्थेतला एक तरुण येणार होता. तो यायच्या आधीच्या वर्गात फिजिओ खुर्च्या लावत होती आणि म्हातारे कुजबुजत होते. ठराव असा, की पडलात का विचारलं तर सगळ्यांनी नाही म्हणायचं.

"माझ्या सुनेला कळलं तर बाहेरच्या दाराला कुलूप लागेल," बेकरीवाला म्हणाला. "आणि वर्गाचंही नाव चांगलं होईल. शून्य सांगून टाकू."

फिजिओनं ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. दमलेली होती बिचारी. पण काटेबाई उभ्या राहिल्या.

"म्हणजे काटा मारायचा?" त्या म्हणाल्या. "आयुष्यभर मी हे धरलं आणि म्हातारपणी तुमच्याबरोबर बसून तेच करू? हिच्या वर्गात खोट काय आहे म्हणून तुम्ही खोटं वजन घालताय? माल चांगला आहे ना? मग ठेवा काट्यावर जसा आहे तसा!"

त्यांच्यापुढे बोलणं भल्याभल्या व्यापाऱ्यांना जमलं नव्हतं, तिथे या गुडघे गेलेल्या मंडळींचं काय चालणार?

तरुण आला. पाठीवर सॅक, हातात टॅबलेट, आणि आवाज असा की जणू समोरचा माणूस नुकताच शुद्धीवर आलाय. तो एकेकाला समोर बसवून विचारत होता. काटेबाईंनी आपली खुर्ची त्याच्या मागेच लावून घेतली.

"काका, गेल्या वर्षभरात पडलात का?" त्यानं बेकरीवाल्याला विचारलं.

"नाही."

काटेबाई खोकल्या.

"एकदा. म्हणजे घसरलो जरासा."

पुन्हा खोकला.

"बरं, तीनदा," बेकरीवाला वैतागून म्हणाला. "लिहा तीनदा. आणि या बाईंना खोकल्याचं औषध द्या."

अशी त्यांनी सगळ्यांकडून खरी वजनं वदवून घेतली. धाकटीनं तर बागेतली हकिगत झाड, मुळं, बाकडं यांच्यासकट सांगितली. ती उठली कशी हे तरुण ऐकत होता, पण त्याचं बोट पडली या एका शब्दावर गेलं आणि तिथेच थांबलं. शेवटी तो काटेबाईंकडे वळला. "आजी, सेवेबद्दल तुमचं समाधान एक ते पाचमध्ये किती?"

"कशाच्या मानानं?" काकूंनी विचारलं.

त्याला प्रश्न कळला नाही. त्यानं चार लिहिलं.

घरी येताना काकू खूश होत्या. खरं माप गेलं, आता बघ वर्ग कसा वाढतो ते, मोठं सभागृह मिळेल, असं मलाच समजावत होत्या. मीही मान डोलावली. आम्ही दोघी शिकलेल्या. पण या आकड्यांचं पुढे काय होईल, ते दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

काही महिन्यांनी वाचनालयाच्या दारावर कागद चिकटला. वर्ग बंद. कारणही छापलं होतं, अभिमानानं. मूल्यमापनात आढळलं की एक-दाबाच्या तुलनेत तोल वर्गातल्या माणसांचं पडण्याचं प्रमाण कितीतरी पटींनी जास्त आहे. पडणं थांबवण्यात वर्ग अपयशी ठरला आहे. सबब वर्गातल्या सर्व लाभार्थ्यांना यापुढे फोन येईल.

काटेबाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि मला म्हणाल्या, "चल."

विभागप्रमुखांच्या खोलीत गार हवा होती, काचेखाली प्रमाणपत्रं होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर भेटायला येणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी राखून ठेवलेलं हसू होतं.

"बाई, आम्ही शास्त्रीय मूल्यमापन केलंय," ते म्हणाले. "आकडे कोणाच्या बाजूचे नसतात."

"आकडा म्हणजे काट्यावर दिसतो तो. पारड्यात काय ठेवलंय ते कोणी बघितलं?" काकूंनी विचारलं. "तुमच्या फोनवर ज्यांनी एक दाबलं, त्यांतली किती जण घराबाहेर पडतात?"

"ते निकषात नव्हतं."

"दिवसभर खुर्चीत बसलेला माणूस आणि बाजारात जाऊन येणारा माणूस एकाच काट्यावर तोललात?"

"बाई, विषय पडण्याचा होता. चालण्याचा नव्हता."

"जो फोनच उचलत नाही, त्याला कशात धरलंत?"

"ज्यांच्याकडून पडल्याची नोंद नाही ते पडले नाहीत असं गृहीत धरतात. पद्धतच आहे."

"मेलेला माणूससुद्धा फोन उचलत नाही."

"तो पडतही नाही," साहेब म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर हसले. त्या खोलीत तेवढं एकच खरं वाक्य बोललं गेलं, असं काकू पुढे कित्येकांना सांगायच्या.

मग साहेब जरा पुढे झुकले. "तुम्हीच विचार करा. पडलो असं तुमच्या वर्गातल्या माणसांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. एकेकानं, अगदी तपशिलासकट. यात मी काय करू?"

काटेबाई उठल्या, हात न टेकता.

बाहेरच्या बोळात तो सॅकवाला तरुण भेटला. काहीतरी बिलाच्या कामाला आला असावा. काकूंना बघून थबकला. "आजी, मी लिहिलं होतं," तो म्हणाला. "वर्गातली माणसं जास्त चालतात, म्हणून जास्त पडतात, पण हाडं कमी मोडतात, आणि बहुतेक जण स्वतःचे स्वतः उठतात. सगळं लिहिलं होतं. परिशिष्टात."

"परिशिष्ट कोण वाचतं?"

त्यानं खांदे उडवले.

"मग कोणासाठी लिहिलंस?"

"निदान मला माहीत असावं की मी लिहिलं."

"मनाचं समाधान घरी बसून करावं," काकू म्हणाल्या. "त्यासाठी आमची पडणी कशाला वापरलीस?" तो लाल झाला. मला त्याची दया आली. काकूंना आली नाही.

वर्गातल्या मंडळींनी काकूंना वाळीत टाकलं. बेकरीवाला समोरून दिसला की रस्ता ओलांडायचा, त्याच्या गुडघ्यांना ते झेपत नसतानाही. घरी धाकटी काकू काही दिवस नुसती भांडी आपटत होती. शेवटी एकदा जेवताना म्हणाली, "ताई, बाजारात तुम्ही खोटं वजन धरलंत की दुकानदाराचं नुकसान व्हायचं. इथे खरं वजन घातलंत आणि नुकसान आमचं झालं."

काटेबाईंनी हातातला घास खाली ठेवला. म्हणाल्या, "खरं सांगायला नको होतं असं मी म्हणणार नाही. ते माझ्या तोंडून येणार नाही. पण काटा कोणाच्या हातात आहे ते आधी बघायला हवं होतं. तेवढं चुकलं."

धाकटी ऐकतच राहिली. चुकलं हा शब्द तिनं ताईंच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तिनं मुकाट्यानं त्यांच्या ताटात आणखी भात वाढला.

मग एके सकाळी घरी तो फोन आला. काटेबाईंनी उचलला आणि त्यांचा चेहराच बदलला. पलीकडून फिजिओ बोलत होती. तोच घोगरा आवाज, पण वरून साखर पेरल्यासारखा. वर्ग बंद झाल्यावर विभागानं तिला या फोनचा आवाज रेकॉर्ड करायला लावलं होतं.

"अगं, तू तिथे काय करतेस?" काकू ओरडल्या. "अगं, आम्ही आहोत! ओळखलंस का?"

"पडला नसल्यास एक दाबा," आवाज म्हणाला.

काकूंनी दोन दाबलं. पडल्या नव्हत्या, पण दोन दाबलं की काय होतं ते त्यांना बघायचं होतं. आपली नोंद घेतली आहे, कृपया काळजी घ्या, असं सांगून फोन बंद झाला. महिन्याभरानं पोस्टानं एक रंगीत पत्रक आलं. वर एक म्हातारा आणि एक म्हातारी खुर्च्यांत बसून दात दाखवत होती, आणि खाली मोठ्या अक्षरांत छापलं होतं: पडू नका.

काकूंनी त्या पत्रकाकडे असं बघितलं, की एखादा दुकानदार असता तर त्यानं स्वतःहून दुकान बंद केलं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी इमारतीच्या पार्किंगमधल्या स्कूटर बाजूला लावायला लावल्या, घरातल्या चार खुर्च्या खाली नेल्या आणि वर्गातल्या प्रत्येकाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. माफी मागितली नाही. "उद्या सकाळी या," एवढंच म्हणाल्या. पहिल्या दिवशी आले तीन जण.

काटेबाईंनी घेतलेला वर्ग भयंकर होता, हे सांगायला हवं. त्यांना शिकवता येत नव्हतं, फक्त तपासता येत होतं. "चूक. परत. चूक. परत." तिघांतली एक बाई रडत घरी गेली. दुसऱ्या आठवड्यात धाकटी काकू पुढे झाली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही जरा त्या खुर्चीला धरून उभ्या राहा बघू." आणि मग आयुष्यभर भिंतीला धरून चाललेली ती बाई मधोमध उभी राहून म्हणू लागली, "हळू. घाई नाही. आता कोपर. मलाही नव्हतं जमलं हो." लोक वाढू लागले. बेकरीवाला आला, काकूंकडे न बघता आला, पण आला. सून कुलूप लावत नाही का, असं विचारलं तर म्हणाला, "तिची आईच पाठवलीय तिनं माझ्याबरोबर."

धाकटीचा मुलगा न कळवता आला तो नेमका सकाळी. आपली आई पार्किंगमध्ये, स्कूटरींच्या मध्ये, सतरंजीवर आडवी पडून लोकांना काहीतरी दाखवतेय हे बघून त्याच्या हातातली बॅग खाली पडली.

"आई! उठ आधी! पडशील!"

"पडलेलीच आहे मी," ती जमिनीवरून म्हणाली. "बाजूला हो, लोकांना दिसत नाहीये."

तो दोन दिवस राहिला आणि निरुपाय होऊन परत गेला. रविवारचे फोन चालू राहिले. त्यांत बसून राहा हे वाक्य मात्र कमी झालं.

पुढच्या वर्षी काटेबाई पुन्हा पडल्या. यावेळी पाटीबिटी नव्हती. पायरी होती, रोजचीच, आणि पाय नीट पडला नाही. खुब्याचं हाड मोडलं. त्या कुशीवर वळल्या, कोपरावर आल्या, पण पुढे जाता येईना. तशाच कोपरावर राहून त्यांनी जिन्यातून हाका मारल्या. त्यामुळे लवकर कळलं, असं डॉक्टर म्हणाले. शस्त्रक्रिया झाली. वॉर्डात चारपाच जणी होत्या, सगळ्यांचे खुबे. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुम्हाला तो फोन यायचा का?"

"यायचा की. मी एकच दाबायची."

"पडत नव्हतात?"

"पडायची. पण दोन दाबलं की बाई पुढे बोलत बसते. एक दाबलं की लगेच बंद होतो."

काकू इतक्या हसल्या की टाके दुखले आणि नर्स रागावली. त्याच आठवड्यात विभागप्रमुखांचा फोटो पेपरात आला. शून्य पडझडीबद्दल त्यांना कुठलासा चषक मिळाला होता. मी पेपर लपवायला गेले, काकूंनी तो हिसकावून घेतला, फोटो बराच वेळ न्याहाळला. "दोनशे ग्रॅम," म्हणाल्या, "चषकासकट." आणि पेपर मला परत दिला.

उभं राहायची वेळ आली तेव्हा त्या घाबरल्या. मी पाहिलं ते. वॉकर पुढे ठेवला होता, नर्स एका बाजूला, मी दुसऱ्या, आणि काटेबाई खाटेच्या कडेला बसून फरशीकडे बघत होत्या. "नंतर बघू," त्या पुटपुटल्या. "उद्या. आज बसूनच बरं वाटतंय."

धाकटी काकू खाटेच्या पायाशी उभी होती. ती पुढे आली आणि तिनं नर्सला आणि मला दोघींना बाजूला सारलं.

"ताई, उठा."

"दुखतंय गं."

"दुखणारच. उठा."

काटेबाईंनी वॉकर धरला आणि उठल्या. एक पाऊल टाकलं, दुसरं ओढलं, आणि धापा टाकत त्यांनी जावेकडे बघितलं, काहीतरी बरं ऐकायला मिळेल म्हणून.

"हे काय चालणं झालं?" धाकटी म्हणाली. "परत."